परदेशच्या दारांतील वैद्य

गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं आमच्या वडील भगिनी, ज्यांस घरांत लहानथोर सर्वच ताई म्हणतात, अमेरिकेंत स्थायिक झालेल्या आपल्या मुलाकडे कायमच्या राहावयास निघाल्या. त्या देशांत वसाहतीसाठीं जाणाऱ्या प्रत्येकास व्हिसा मिळण्यापूर्वीं वकिलातीनें नेमून दिलेल्या वैद्याकडून शरीरपरीक्षा करून घ्यावी लागते. म्हणून मुंबईंतील तशा एका तपासणीगृहांत आम्ही ताईंच्या सोबतीस गेलों होतों. सकाळचे आठ वाजले नव्हते तों बांकें भरून गेलीं होतीं. नवविवाहित मुली, कडेवर मूल घेतलेल्या आया, आमच्यासारखे पिकल्या केसांचे सोबती. प्रत्येकाच्या हातांत पासपोर्ट, फोटो आणि टोंचण्यांच्या नोंदीचा कागद. वजन, उंची, डोळे, छाती, शेवटीं क्ष-किरणांचें चित्र, असा क्रम होता. कोणी कोणाशीं कठोर बोललें नाहीं, कोणाचा अपमान झाला नाहीं. तरी त्या दालनांत जी एक शांतता होती ती दवाखान्यांतील शांततेहून निराळी होती. दवाखान्यांत मनुष्य बरें होण्यासाठीं जातो. येथें आलेला प्रत्येकजण आपण बरेच आहों हें सिद्ध करण्यासाठीं आला होता.

ताईंना विसाव्या वर्षीं क्षय झाला होता. दीड वर्ष इंजेक्शनें व गोळ्या घेऊन त्या पूर्ण बऱ्या झाल्या, संसार केला, नातवंडें पाहिलीं. पण फुप्फुसावरील जुना व्रण चित्रांत उमटला. नियमाप्रमाणें ओळीनें तीन दिवस थुंकीचे नमुने द्यावे लागले, आणि त्यांत जंतु वाढतात कीं काय हें पाहण्यास आठ आठवडे लागतील असें सांगण्यांत आलें. त्या आठ आठवड्यांच्या रिकाम्या वेळांत आम्हीं या तपासणीचा पूर्वेतिहास चाळला. त्यांत जें आढळलें तें वाचकांपुढें मांडावें असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

परक्याच्या शरीराचें भय फार जुनें आहे. आड्रियाटिक समुद्रावरील रागुसा या नगरानें १३७७ सालीं असा निर्बंध घातला कीं, सांथीच्या प्रदेशांतून येणाऱ्यांनीं तीस दिवस बाहेर राहिल्यावांचून शहरांत पाऊल ठेवूं नये. पुढें व्हेनिसनें १४२३ त एका बेटावर सांथीच्या रोग्यांसाठीं कायमचें रुग्णालय उभारलें. तीस दिवसांचे चाळीस झाले, आणि चाळीस या अर्थाच्या इटालियन शब्दावरूनच ‘क्वारंटाईन’ हा शब्द रूढ झाला. मात्र या पद्धतींत एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी होती. ती व्यक्तीव्यक्तींत निवड करीत नसे. जहाज थांबे तें व्यापाऱ्यासकट, खलाशासकट आणि मालासकट थांबे. मुदत संपली कीं सर्वांना मोकळीक मिळे. एकेका मनुष्याला उभें करून ‘हा हवा, हा नको’ असें ठरविणें ही फार पुढची, एकोणिसाव्या शतकांतली गोष्ट होय.

या निवडीचा एक प्रारंभ आपल्याच किनाऱ्यावर झाला. गुलामगिरी बंद झाल्यावर उंसाच्या मळ्यांना मजूर हवे झाले, आणि १८३४ पासून हिंदुस्थानांतील गरीब माणसें गिरमिटावर मॉरिशसला जाऊं लागलीं. पुढें ब्रिटिश गियाना, त्रिनिदाद, नाताळ, आणि १८७९ पासून फिजी. बहुतेक जहाजें कलकत्ता व मद्रास येथून सुटत. परंतु मुंबई बंदरांतूनही कित्येक गेलीं, आणि मॉरिशसमध्यें आजही मराठी म्हणविणारा जो समाज आहे त्याचे पूर्वज कोंकणांतून व देशावरून अशाच जहाजांनीं गेले. आरकाट्यानें आणलेला मजूर प्रथम डेपोंत ठेवीत. तेथें वैद्य त्याची तपासणी करी. त्यांत रोग पाहिला जाई हें खरें, पण हात, दंड आणि तळव्यावरचे घट्टेही पाहिले जात. कारण नांगर धरलेला हात कोणता आणि लेखणी धरलेला कोणता हें मळेवाल्याला कळावयास हवें होतें. स्त्रियांना परक्या पुरुषापुढें असें उभें राहावें लागणें हा त्या पद्धतीवरील मोठ्या आक्षेपांपैकीं एक होता.

जहाजावरही एक वैद्य असे. त्याचा मोबदला ठरविण्याची रीत मोठी बोधप्रद आहे. जितकीं माणसें पलीकडच्या किनाऱ्यावर जिवंत उतरत, तितक्या डोयांमागें त्याला ठराविक रक्कम मिळे. या नियमानें पुष्कळांचे प्राण वांचले असतील, यांत संशय नाहीं. १८५६-५७ च्या हंगामांत कलकत्त्याहून वेस्ट इंडीजकडे गेलेल्या जहाजांवर शेंकडा सतराच्या आसपास माणसें वाटेंतच मेलीं होतीं. त्यानंतर तपासणी कडक झाली व मृत्यूही घटले. परंतु ज्या वैद्याचें मानधन डोकीं मोजून ठरतें, त्याचा रोगी कोण आणि धनी कोण, हा प्रश्न तेथेंच प्रथम उभा राहिला. मॉरिशसच्या पोर्ट लुईमध्यें १८४९ पासून मजूर उतरविण्याचा जो घाट होता त्याचे अवशेष आज जागतिक वारसा म्हणून जतन केलेले आहेत. त्या अवशेषांत रुग्णालयाच्याही भिंती आहेत. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं मार्च १९१२ मध्यें वरिष्ठ कायदेमंडळांत गिरमिट पद्धत समूळ बंद करण्याचा ठराव मांडला. तो त्या वेळीं फेटाळला गेला. पण १९१७ त मजूरभरती थांबली आणि १९२० च्या आरंभीं उरलेलीं गिरमिटेंही रद्द झालीं.

आतां अमेरिकेकडे वळूं. तेथें १८८२ च्या कायद्यानें गुन्हेगार, वेडे, मतिमंद आणि स्वतःचें पोट भरण्यास असमर्थ अशा लोकांना प्रवेशबंदी झाली. पुढच्याच वर्षीं, १८८३ च्या जून महिन्यांत, आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून निघून न्यूयॉर्कला पोंचल्या. अठरा वर्षांची ती महाराष्ट्रकन्या वैद्यकी शिकण्यासाठींच गेली होती. संसर्गजन्य रोगाची बंदी कायद्यांत अद्याप आली नव्हती. ती आली १८९१ त; त्या वर्षींच्या कायद्यानें किळसवाण्या अथवा धोक्याच्या संसर्गजन्य रोगानें पछाडलेल्यांना मज्जाव केला, प्रत्येक आगंतुकाची सरकारी वैद्याकडून तपासणी सक्तीची केली, आणि नाकारलेल्या मनुष्यास परत नेण्याचा खर्च आगबोट कंपनीवर टाकला. १९०७ त क्षयाचें नांव त्या यादींत स्पष्टपणें घातलें गेलें. आनंदीबाई १८८६ त डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं क्षयानेंच पुण्यास वारल्या. त्या जगत्या आणि वीस वर्षांनीं पुन्हां त्या बंदरांत उतरत्या, तर ज्या देशानें त्यांस वैद्य केलें त्याच देशाच्या वैद्यानें त्यांस दारांतून परत पाठविलें असतें.

न्यूयॉर्क बंदरांतील एलिस बेटावरचें ठाणें १ जानेवारी १८९२ रोजीं उघडलें. १९५४ त तें बंद होईपर्यंत सुमारें एक कोटि वीस लक्ष लोक त्या वाटेनें आंत गेले. एकट्या १९०७ सालीं दहा लक्षांहून अधिक. इतक्या लोकांना तपासणार कसें? पहिल्या व दुसऱ्या वर्गाच्या उतारूंकडे बोटीवरच एक नजर टाकून त्यांस सोडून देत. रोग भाड्याचा दर्जा पाहून जडत नाहीं, हें त्या वैद्यांना ठाऊक नव्हतें असें नाहीं. पण नियम तसाच होता. खालच्या वर्गाच्या उतारूंना मात्र आपलीं गांठोडीं घेऊन जिना चढावा लागे. जिना हाच पहिला परीक्षक. वर उभा राहिलेला वैद्य कोणाला धाप लागते, कोण लंगडतो, हें पाहून घेई. रांग पुढें सरके. एकेका मनुष्याच्या वांट्याला कांहीं सेकंदच येत. संशय आला कीं वैद्य त्याच्या कोटावर खडूनें एक अक्षर काढी: हृदयाला एक, अंतर्गळाला एक, गलगंडाला एक, गरोदरपणाला एक, वार्धक्यालाही एक. फुली म्हणजे मनाचा विकार. पुष्कळांना त्या अक्षरांचा अर्थ कळत नसे. कांहीं चतुरांनीं कोट उलटा करून अंगांत घातला व ते निभावून गेले, असें सांगतात.

रांगेच्या शेवटीं डोळ्यांचा वैद्य असे. त्याचें भय सर्वांत मोठें. खुपऱ्यांचा विकार १८९७ त धोक्याच्या संसर्गजन्य रोगांत घालण्यांत आला होता. तो शोधण्यासाठीं पापणी उलटवावी लागे, आणि त्या कामीं बोट किंवा बुटाचीं बटणें लावण्याचा लोखंडी आंकडा वापरीत. आई आंत आणि मूल बाहेर, किंवा नवरा आंत आणि बायको बाहेर, असे प्रसंग याच ठिकाणीं ओढवत. एकंदर पाहतां शंभरांतून दोघांच्या आसपास लोक परत पाठविले गेले. दोन हा आंकडा लहान दिसतो. पण दहा लक्षांचे दोन टक्के म्हणजे वीस हजार माणसें होत, आणि त्यांतील बहुतेकांनीं मागें घरदार विकलेलें असे.

न्यायाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच बेटावर १९०२ पासून मोठें रुग्णालय होतें. तेथें हजारों लोकांवर उपचार झाले आणि बरे झालेले बहुतेक आंत गेले. सुमारें साडेतीन हजार माणसें तेथें मेलीं, आणि साडेतीनशेंच्या आसपास मुलें जन्मलीं. तेथील वैद्य क्रूर नव्हते. कित्येकजण ज्या कायद्याखालीं राबत होते त्याच्याविषयीं साशंक होते. हॉवर्ड नॉक्स नांवाच्या वैद्यानें १९१२ नंतर लांकडी तुकडे जुळविण्याचीं कोडीं तयार केलीं, तीं याचसाठीं कीं, इंग्रजी न येणाऱ्या शेतकऱ्याला केवळ भाषा व पाठांतर येत नाहीं म्हणून कोणी मतिमंद ठरवूं नये. पण याच सुमारास कायदा मात्र उलट दिशेनें चालला होता. १९०७ त ‘उपजीविकेस बाधक’ असें कोणतेंही शारीरिक व्यंग नकाराचें कारण झालें. म्हणजे प्रश्न आतां ‘हा रोग आणील काय?’ एवढाच राहिला नाहीं. ‘हा कमावील काय?’ असा झाला.

आणि तिसराही एक प्रश्न होता. तो विचारला जात होता पश्चिम किनाऱ्यावर. सान फ्रान्सिस्कोच्या उपसागरांतील एंजल बेटावरचें ठाणें १९१० च्या जानेवारींत उघडलें. येथें येणारे मुख्यतः चिनी, जपानी आणि हिंदी. हिंदी मजुरांविरुद्ध त्या प्रांतांत मोठें काहूर माजलें होतें. परंतु त्यांना नांवानिशीं बंदी करणारा कायदा अद्याप झाला नव्हता. त्याच वर्षीं अंकुशकृमीचा विकार धोक्याच्या संसर्गजन्य रोगांत जमा करण्यांत आला, आणि आशियांतून येणाऱ्या उतारूंच्या शौचाची सूक्ष्मदर्शकाखालीं तपासणी सुरू झाली. अनवाणी शेतांत वावरणाऱ्या पंजाबी शेतकऱ्याच्या पोटांत हा कृमी सांपडणें मुळींच नवल नव्हतें. एलिस बेटावर युरोपियनांची अशी परीक्षा सरसकट होत नसे. अधिक चमत्कारिक गोष्ट ही कीं, हाच कृमी त्या वेळीं अमेरिकेच्याच दक्षिण प्रांतांत घरोघर होता. रॉकफेलरच्या देणगींतून १९०९ त स्थापन झालेलें मंडळ तेथें त्याच्याविरुद्ध गांवोगांव मोहीम चालवीत होतें, आणि थायमॉलच्या मात्रांनीं रोगी बरे होत होते. एकाच देशांत एकच कृमी एका ठिकाणीं उपचाराचा विषय आणि दुसऱ्या ठिकाणीं हद्दपारीचें कारण झाला. पुढें १९१७ च्या कायद्यानें बहुतेक सर्व आशियाला उघडपणें बंदी घातली, तेव्हां कृमीची आवश्यकताही पूर्वीइतकी उरली नाहीं.

महाराष्ट्राच्या वाचकाला या हकीकती वाचतांना १८९७ सालाची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. प्लेगच्या वेळीं पुण्यांत सोजीर घरांत शिरले, आगगाडीच्या फलाटांवर उतारूंच्या कांखा-जांघा चांचपल्या गेल्या, आणि त्या वर्षींच्या २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. प्लेग खोटा नव्हता. माणसें खरोखरच मरत होतीं. तरीही लोक चिडले ते रोगाचा शोध घेतल्याबद्दल नव्हेत, तर शोध घेणाऱ्याच्या मनांत आपल्याविषयीं तुच्छता आहे हें त्यांना त्याच्या हाताच्या स्पर्शांतच कळलें म्हणून. शरीर तपासतांना हात काय बोलतो, हें ज्याच्या शरीराला तो लागतो त्यालाच नीट ऐकूं येतें.

१९२४ च्या कायद्यानंतर अमेरिकेनें तपासणीची जागा बदलली. व्हिसा परदेशांतील वकिलातींतूनच मिळावयाचा असें ठरलें, आणि १९२५ पासून प्रथम ब्रिटन व आयर्लंड येथें, मग युरोपांत अन्यत्र, अमेरिकन वैद्य वकिलातींत बसूं लागले. ही सुधारणा खरी उपकारक होती. घर विकून, समुद्र ओलांडून मग दारांतून परत फिरण्यापेक्षां आपल्याच गांवीं नकार ऐकणें केव्हांही बरें. मात्र तिच्यामुळें एक गोष्ट घडली. खडूचीं अक्षरें, रडणारीं मुलें, परत निघालेलीं जहाजें हीं सर्व अमेरिकन लोकांच्या डोळ्यांआड झालीं. मुंबईंतील ज्या बांकावर आम्ही बसलों होतों तें बांक याच बदलाचें अपत्य होय.

दाराचें स्थान बदललें तरी तिसरा प्रश्न सुटला नाहीं. १९७९ च्या जानेवारींत लंडनच्या हीथ्रो विमानतळावर विवाहासाठीं आलेल्या एका हिंदी स्त्रीची, ती खरोखर अविवाहित आहे कीं नाहीं हें ठरविण्यासाठीं, कौमार्यपरीक्षा करण्यांत आली. ती पस्तीस वर्षांची शिक्षिका होती. बातमी फुटतांच दोन्ही देशांत संताप उसळला, हिंदुस्थान सरकारनें निषेध नोंदविला आणि ब्रिटिश सरकारनें ती प्रथा थांबविली. हा एकच अपवादात्मक प्रसंग, असें त्या वेळीं भासविण्यांत आलें. पुढें दप्तरें खुलीं झालीं तेव्हां दिल्ली व मुंबई येथील ब्रिटिश कचेऱ्यांतही अशा परीक्षा झाल्याचें उघड झालें. या परीक्षेचा कोणत्याही रोगाशीं संबंध नव्हता. वैद्याचा झगा तेवढा होता; त्याच्या आंत पहारेकरी होता. अमेरिकेनें १९८७ त एच. आय. व्ही. बाधितांना घातलेली बंदीही असाच एक धडा आहे. तो विषाणु एका बांकावर शेजारीं बसल्यानें लागत नाहीं हें वैद्यकाला ठाऊक असूनही ती बंदी उठण्यास २०१० साल उजाडावें लागलें.

तर मग ही तपासणी असूंच नये काय? आमचें मत तसें नाहीं. क्षय हवेंतून पसरतो. तो निघण्यापूर्वीं सांपडला तर रोगी बरा होतो, त्याच्या घरचीं माणसें वांचतात आणि ज्या देशांत तो जातो तेथलीं माणसेंही वांचतात. ताईंकडून तीन दिवस नमुने घेणारा नियम यासाठींच आहे, आणि तो आम्हांस न्याय्यच वाटतो. परंतु वरील इतिहासांतून आम्हांस एक कसोटी सांपडली ती अशी: तपासणीनें जें निष्पन्न होईल त्यावर वैद्य कांहीं उपचार सांगतो काय, आणि तीच तपासणी भाडें, वर्ण व जन्मभूमि न पाहतां सारखी होते काय? या दोन प्रश्नांना होकार मिळाला तर तपासणी आरोग्यासाठीं आहे. नकार मिळाला तर ती दुसऱ्याच कशासाठीं तरी आहे, आणि वैद्याचें नांव तिला उसनें दिलेलें आहे. व्हेनिसच्या जहाजाला ही कसोटी बऱ्याच अंशीं लागू पडते. एंजल बेटावरच्या सूक्ष्मदर्शकाला ती मुळींच लागू पडत नाहीं.

आजची पद्धतही या कसोटीवर पूर्ण उतरते असें आम्ही म्हणणार नाहीं. आठ दिवसांसाठीं सहलीला जाणारा उतारू तीच हवा श्वासांत घेतो व तीच सोडतो. त्याची छाती कोणी पाहत नाहीं. कायम राहावयास जाणारी म्हातारी मात्र तीन दिवस पहांटे उठून जाते. तरी पण खुपऱ्यांच्या काळाशीं तुलना करतां एक मोठा फरक पडला आहे हें मान्य केलें पाहिजे: आज क्षय सांपडला तर मनुष्याला हांकलून देत नाहींत, आधीं औषध देतात आणि बरा झाल्यावर वाट मोकळी करतात.

आठ आठवड्यांनीं उत्तर आलें. जंतु वाढले नव्हते. तें ऐकून आम्हांस जितका आनंद झाला तितका ताईंना झालेला दिसला नाहीं. त्या म्हणाल्या, “अरे, मला तर पन्नास वर्षांपूर्वींच डॉक्टरांनीं सांगितलं होतं, तूं बरी झालीस म्हणून. आतां पुन्हां तेंच कशाला सिद्ध करायचं?” आम्हीं त्यांना नियम समजावून सांगूं लागलों. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि मग म्हणाल्या, “तें सगळं खरं रे. पण त्या वेळचे डॉक्टर रोज विचारायचे, रात्रीं झोंप लागली कां? इथं तीन दिवस गेलें, कुणीं विचारलं नाहीं.”

ताई आतां मुलाकडे पोंचल्या आहेत. त्यांच्या सामानांत क्ष-किरणांचें तें चित्र होतें. उतरल्यावर तेथील वैद्यास दाखवावें लागेल म्हणून त्यांनीं तें लुगड्यांच्या घडींत जपून ठेविलें होतें. परवां दूरध्वनीवर बोलतांना आम्हीं विचारलें, दाखविलें काय? त्या म्हणाल्या कीं दाखविलें. डॉक्टरीण तरुण होती, चित्र पाहून झाल्यावर तिनें प्रवास कसा झाला, झोंप येते काय, असें विचारलें.